सीएफ असलेल्या मुलीची शाळा : ठाणे-नवी मुंबईतले पालक काय करतात?

घोडबंदरची_आई | २१ जून, रात्री ११.४०

नमस्कार. एरवी इथे पाककृती आणि भटकंतीच वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक सात वर्षांची, आत्ताच दुसरीत गेली. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, सगळे सीएफ म्हणतात. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी, शरीरातले जे स्राव पातळ असायला हवेत ते हिच्यात घट्ट होतात, छातीत कफ डिंकासारखा चिकटून बसतो, आणि स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात उतरतच नाही त्यामुळे खाल्लेलं तूप-तेल अंगी लागत नाही. घामातून मीठ मात्र भसाभस जातं. तान्ही असताना मुका घेतला की ओठ खारट व्हायचे, सासूबाई म्हणायच्या समुद्रातनं आणलीये का हिला, आणि आम्ही सगळे हसायचो.

आधी बालदमा म्हणून पंप दिले, मग टीबी म्हणून सहा महिने गोळ्या, वजन काही हलेना. साडेतीन वर्षांची असताना एका डॉक्टरबाईंनी घामाची टेस्ट करायला लावली, क्लोराइड ९८ आलं. साठच्या वर गेलं की सीएफच धरतात.

आता मूळ प्रश्न. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने टाकलं की एक मुलगी सारखी खोकते, तिला घरी का ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून बोलावणं. संसर्गजन्य नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा म्हणाले, ते ठीक आहे, आणते. पण दिव्यांग सर्टिफिकेट असेल तर जोडा म्हणजे सवलती देता येतील म्हणे, आणि ते तर मिळतच नाही. शिवाय शाळेत कोणतंही औषध द्यायचं नाही हा नियम, तिला डब्याआधी एन्झाइमची, म्हणजे पाचकरसाची कॅप्सूल लागते ती कोण देणार? वर हेल्दी टिफिन नावाचा एक कागद आलाय, तळलेलं नको, वेफर्स नकोत, खारवलेलं नको. माझ्या मुलीला डॉक्टरांनी नेमकं तेच खा म्हणून सांगितलंय!

ज्यांची मुलं या आजारात शाळेत गेलीत त्यांनी प्लीज सांगा तुम्ही काय केलंत. नवरा म्हणतो शाळा बदलू, मला नाही बदलायची, तिच्या दोन मैत्रिणी आहेत तिथे.

नुसता_वाचक | २२ जून, सकाळी ७.१५

ताई राग मानू नका, पण मी त्या दुसऱ्या आईच्या बाजूने विचारतोय. माझीही मुलगी दुसरीत आहे. शेजारचं मूल रोज खोकत असेल तर काळजी वाटणारच ना? तुम्ही डॉक्टर नाही, मी पण नाही. हे खरंच पसरत नाही का?

नेरूळचा_बाबा | २२ जून, सकाळी ९.०२

वाचक साहेब, विचारलंत ते बरं केलंत, लोक विचारत नाहीत आणि ग्रुपवर टाकतात.

पसरत नाही. हा जीनचा आजार आहे, सातव्या क्रोमोसोमवर सीएफटीआर नावाचा जीन असतो, तो १९८९ मध्ये सापडला, त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच आजार होतो. एक प्रत आईकडून एक बापाकडून. आईबाप दोघंही ठणठणीत, त्यांना पत्ताही नसतो, आणि अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आमच्याकडे माझी आई दोन वर्षं म्हणत होती की आमच्या घराण्यात असलं काही नाही, मुलीकडूनच आलंय. शेवटी रिपोर्ट समोर ठेवला, त्यात माझंही नाव होतं, मग गप्प बसली.

खरं तर उलट आहे. तुमच्या मुलीचा साधा सर्दी-ताप आमच्या पोराच्या छातीत गेला तर तीन आठवडे शाळा बुडते, कधी सलाइनमधून अँटिबायोटिक द्यायला ॲडमिट करावं लागतं. माझा मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. त्याच्या खोकल्याने आजवर वर्गातलं एकही पोर आजारी पडलेलं नाही, तो मात्र दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं घेऊन येतो.

एकच अपवाद, सीएफ असलेल्या दोन मुलांनी एकमेकांच्या जवळ यायचं नाही. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला घातक ठरू शकतात, स्यूडोमोनास वगैरे. सहा फुटांचं अंतर आमच्या घरात कोविडच्या आधीपासून आहे. त्यामुळे घोडबंदरच्या ताई, तुम्ही आणि मी तलावपाळीला बसून चहा पिऊ शकतो, पोरांना घेऊन नाही.

कॅप्सूल आणि सर्टिफिकेटचं संध्याकाळी लिहितो, आता लोकलमध्ये आहे.

कोपरीकर | २२ जून, सकाळी १०.३०

देशी गाईचं तूप आणि हळद चालू करा. ॲलोपथीवाले मुळावर जातच नाहीत. आमच्या ओळखीत एकाचा दमा पूर्ण बरा झाला.

घोडबंदरची_आई | २२ जून, सकाळी १०.४४

तूप चालूच आहे हो काका, आठवड्याला अर्धा किलो संपतं. ते पचवायलाच कॅप्सूल लागते.

जुना_मास्तर | २२ जून, दुपारी २.२०

एकतीस वर्षं शिकवलं, कळव्यात आणि ठाण्यात. शाळेच्या बाजूचं थोडं सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, तासाला दोनदा बाहेर जायचं म्हणायचा. मला वाटायचं टिवल्याबावल्या करायला जातो, एकदा मी त्याला जाऊ दिलं नाही, पुढे काय झालं ते तुम्ही समजलात. त्याला आतड्याचा आजार होता, घरच्यांनी लाजेपोटी शाळेला कळवलं नव्हतं. तो पुन्हा माझ्याकडे बघून कधी हसला नाही. सांगायचं कारण, शिक्षकाला माहीत नसेल तर तो शिस्तीच्याच मार्गाने जातो, आणि पन्नास पोरांपुढे त्याला दुसरा मार्ग सुचतही नाही.

तेव्हा डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापकांना द्या, ते फाईलला लागेल आणि तिथेच राहील. त्याशिवाय वर्गशिक्षिकेसाठी तुमच्या हाताने एक पान लिहा, मराठीत, एकच पान, फायब्रोसिस म्हणजे काय हे दोन ओळींत आणि बाकी नुसतं काय करायचं ते. खोकली तर पाठीवर हात ठेवून गप्प कर म्हणू नका, खोकून कफ काढू द्या. संडासला न विचारता जाऊ द्या, आणि परत आल्यावर वर्गापुढे काही बोलू नका. डब्याआधी कॅप्सूल, ती स्वतः घेईल, तुम्ही फक्त घेतली का बघा. पाण्याची बाटली बाकावर राहू द्या. खाली तुमचा फोन. हे पान बाईंच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला सांगा कारण बदली शिक्षक आले की फाईल कुणी उघडत नाही पण कपाट उघडतात.

आणि शाळेतून काढण्याची भाषा कुणी केलीच तर शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम आठवण करून द्या, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढता येत नाही, खाजगी असली तरी. पण हे शेवटी काढा. पहिल्याच भेटीत कायदा काढला की आम्हा शिक्षकांचे कान बंद होतात, खरं सांगतो.

नेरूळचा_बाबा | २२ जून, रात्री ९.५०

सर, कपाटाचं आधी माहीत असतं तर आमची दोन वर्षं वाचली असती.

ताई, सर्टिफिकेटचं असं आहे की २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहे पण सीएफ नाही. म्हणून यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग कार्डाच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही, मी एक दिवस घालवलाय सिव्हिलला. शाळेला सरळ लिहून द्या की यादीत हा आजार नाही म्हणून दाखला निघत नाही, सोबत तज्ज्ञांचं पत्र जोडलंय.

औषधाच्या नियमावर आम्ही असा तोडगा काढला. एन्झाइम हे औषध कमी आणि जेवणाचा भाग जास्त, चष्म्याशिवाय फळा दिसत नाही तसं याच्याशिवाय डबा पचत नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वन डायबेटिसच्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी नेऊ दिलं, ते परिपत्रक मी प्रिंट काढून नेलं होतं. आजार वेगळा आहे, पण शाळेला कुठेतरी असं आधी झालंय हे दिसलं की धीर येतो.

कॅप्सूल दप्तरात ठेवू नका मात्र, मे-जूनला दप्तर तापतं आणि एन्झाइम गरमीत खराब होतात, पंचवीस डिग्रीच्या खाली ठेवा म्हणतात. दोन दिवसांच्या कॅप्सूल छोट्या डबीत, वर्गातल्या सावलीच्या कपाटात.

तिखट_मीठ | २३ जून, सकाळी ६.०५

मी नेरूळच्या बाबाच्या घरची नव्हे, पण भाच्याला सीएफ आहे आणि बहीण नोकरीला, त्यामुळे डबा सहा वर्षं माझ्याच गळ्यात. हेल्दी टिफिनवाल्यांना हरवायचं असेल तर दिसायला साधं आणि आतून जड करायचं. पोळी म्हणून द्यायची पण मोहन घालून, आत दाण्याचं कूट, चीज. मेतकूट भातावर तूप ओतायचं, शेंगदाण्याचा लाडू, खोबऱ्याची वडी, तिळाची चटणी तेलात कालवून. उपम्यात काजू. मीठ जरा पुढेच. कोणत्या शाळेच्या बाईची हिंमत आहे मेतकूट भाताला जंक म्हणायची!

नुसतं फळ असेल तर कॅप्सूल लागत नाही, आमच्याकडे फ्रूट डेला पोरगा खूश असतो की आज गोळी नाही. पण फक्त फळावर चार तास काढू नका, घरी आल्या आल्या काहीतरी तुपातलं द्या.

लहान मुलं कॅप्सूल गिळत नाहीत तेव्हा उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरावर टाकून द्यायचे, जरा आंबट मऊ काहीतरी हवं, दुधात किंवा गरम वरणात नाही, नाहीतर दाण्यांवरचं आवरण तोंडातच जातं. चावू द्यायचे नाहीत आणि वर दोन घोट पाणी पाजायचं, गालात दाणा राहिला तर तोंड सोलतं. हे आम्हाला तोंड सोललं तेव्हा कळलं.

खारघर२७ | २३ जून, दुपारी १.१०

हा धागा देवासारखा सापडला. माझा मुलगा आठ महिन्यांचा. एप्रिलमध्ये अचानक मलूल पडला, दूध सोडलं, ना जुलाब ना उलटी, तरी रक्तातलं सोडियम क्लोराइड तळाला. तीन दिवस आयसीयूत होता. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना सारखं वाटत होतं की आम्ही काहीतरी चुकीचं खायला दिलं, मी रडून रडून सांगितलं काही नाही दिलं. मग घामाची टेस्ट झाली. उन्हाळ्यात मीठ घामातून गेल्यामुळे असं होतं म्हणे. शाळेचं आमचं लांब आहे, पण कागदपत्रं कुठून सुरू करू? आम्ही रायगडमध्ये येतो, सगळे म्हणतात ठाण्याला जा.

नेरूळचा_बाबा | २३ जून, रात्री १०.१५

वहिनी, ठाण्याला जाऊन परत याल. नेरूळ-वाशी-ऐरोली ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात, तुमचे सिव्हिल सर्जन अलिबागला. हे लक्षात ठेवा कारण पुढे लागणार आहे. दुर्मीळ आजारांची औषधं स्वतःसाठी बाहेरून मागवली तर १ एप्रिल २०२३ पासून कस्टम ड्युटी माफ आहे, पण त्याला आरोग्य संचालकांचा किंवा जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो.

केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं आहे, सीएफ त्यात आहे. ठरलेल्या केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईत ते केंद्र परळचं केईएम. आजच जाऊन नोंद करा, पैसे उद्या मिळतील असं समजू नका, पण नाव यादीत असणं वेगळं. जाताना जीनचा रिपोर्ट न्या.

जीन रिपोर्ट यासाठीही की लोक तुम्हाला सांगतील, अमेरिकेत गोळी निघालीये, ट्रायकाफ्टा, मुलं नाचायला लागली. खरं आहे, २०१९ मध्ये मंजूर झाली, २०२३ पासून तिथे दोन वर्षांपुढच्या मुलांनाही देतात. पण तिथली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर, आणि ती जीनमधल्या ठरावीक बिघाडावरच, म्युटेशनवरच चालते, मुख्यतः एफ५०८डेल नावाचं. आपल्याकडे ते गोऱ्या लोकांपेक्षा कमी मुलांत सापडतं. माझ्या मुलात एक प्रत आहे, म्हणजे दाराच्या काचेतून मिठाई दिसते अशी स्थिती. मी त्या गोळीच्या बातम्या वाचण्यात एक वर्ष घालवलं, त्या वर्षात फिजिओ बुडला आणि त्याचं वजन दीड किलो उतरलं. आता बातम्या रविवारीच वाचतो.

फिजिओताई | २४ जून, रात्री ८.३०

शेवटच्या वाक्यावर मी बाबांना मनातल्या मनात नमस्कार केला.

मी ठाण्यात लहान मुलांची छातीची फिजिओथेरपी करते. शाळेच्या बाबतीत माझं भांडण घड्याळाशी असतं. सकाळी नेब्युलायझर, मग वीस-पंचवीस मिनिटं कफ सुटायचा व्यायाम, तोही रिकाम्या पोटी, मग नाश्ता, संडास. सातची शाळा असेल तर पोर पावणेपाचला उठतं, आणि मग घरचे काय गाळतात तर फिजिओ. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ चा आहे, बऱ्याच ठिकाणी अजून बसच्या कारणाने सातलाच भरते. तुमची भरत असेल तर निदान तुमच्या मुलीला पहिला तास उशिरा येऊ द्या असं पत्रात डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

पीटीतून मात्र वगळू नका हो! शाळा प्रेमाने बसवून ठेवतात. पळणं, दोरीच्या उड्या हाच तिचा सगळ्यात स्वस्त फिजिओ आहे. फक्त उन्हात खेळली की मीठ-साखरेचं पाणी, आणि क्रीडादिनाला अकराच्या उन्हात संचलन नको. पावसाळ्यात साचलेलं पाणी, ओली माती, बेसिनच्या नळाखालची चिखलट जागा यापासून लांब, कारण स्यूडोमोनास तिथेच राहतो. बाटली रोज घासून कोरडी. नेब्युलायझरचा कप धुऊन उकळून सुकवायचा, ओलाच डब्यात बंद करणाऱ्या आया मला भेटल्या की मी ओरडते.

नुसता_वाचक | २४ जून, रात्री ११.००

सगळं वाचलं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर असं काही आलं तर निदान मी तरी हो ला हो करणार नाही. मुलीला ताप असताना युनिट टेस्ट बुडू नये म्हणून मी तिला पॅरासिटामॉल देऊन पाठवलंय दोनदा. ते आता आठवतंय.

खारघर२७ | २५ जून, सकाळी ११.२५

बाबा, नववी-दहावीत हजेरीचं काय होतं? पंचाहत्तर टक्के कसे भरणार? आतापासूनच झोप लागत नाही मला.

नेरूळचा_बाबा | २५ जून, रात्री ९.४०

आठ महिन्यांच्या बाळाच्या दहावीची काळजी, वहिनी तुम्ही अस्सल मराठी आई. गंमत केली, रागावू नका.

गेल्या वर्षी तो एकूण त्रेपन्न दिवस गैरहजर होता. प्रत्येक ॲडमिशनचं डिस्चार्ज कार्ड त्याच आठवड्यात शाळेत देऊन पोच घेतो, वर्षाच्या शेवटी गठ्ठा नेला की कुणी मानत नाही. वैद्यकीय कारणाने हजेरीत सूट बोर्ड देऊ शकतं पण प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि बोर्डाचं मुंबई विभागाचं ऑफिस वाशीलाच आहे, त्यामुळे मी आत्ताच एकदा जाऊन विचारून आलोय. अगदीच नाही जमलं तर बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएस म्हणजे मुक्त शाळा आहे, तिथे विषय सुटे सुटे करून देता येतात. मुलगा म्हणतो काही झालं तरी बोर्डालाच बसणार, मित्रांबरोबर. तो स्वतःच्या आजाराबद्दल शिक्षकांशी आता स्वतः बोलतो, आठवीपासून आम्ही मागे सरकलो. पहिल्यांदा कॅप्सूल चोरून डस्टबिनमध्ये टाकायचा, पोरं चिडवतात म्हणून, दोन महिने आम्हाला कळलंच नाही, पोटात दुखून कळवळायला लागला तेव्हा उलगडलं. ताई, तुमची सात वर्षांची आहे, ही वेळ तुमच्यावर पण येईल, मी घाबरवत नाहीये.

घोडबंदरची_आई | ८ जुलै, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायचा राहिला होता.

मास्तर सरांनी सांगितलं तसं एक पान लिहिलं. चार वेळा लिहिलं खरं तर, पहिल्यांदा सगळं रडगाणंच झालं होतं. ऑफिसात डॉक्टरांचं पत्र दिलं, ते म्हणाले वरिष्ठांना विचारून कळवतो, अजून कळवतायत. वर्गाच्या बाईंकडे मात्र पान दिलं तर त्यांनी तिथल्या तिथे वाचलं आणि विचारलं, कॅप्सूल डब्याच्या किती आधी? एवढंच विचारलं आणि मला बाहेर येऊन रडू आलं. कपाटात डबी ठेवलीये. नियम बदललेला नाही, बाई म्हणाल्या मी देत नाहीये, ती घेतेय, मी बघतेय.

ग्रुपवर मीच लिहिलं, सहा ओळी. तिला संसर्ग होऊ नये म्हणून तुमच्या मुलांना ताप असेल त्या दिवशी मला एक मेसेज कराल का, असं. दोन जणींनी लगेच अंगठा दिला, ज्या आईने तक्रार केली होती तिने काहीच नाही केलं. पण शुक्रवारी तिचा मेसेज आला, आज आमच्याला ताप आहे, शाळेत नाही पाठवत. बस एवढाच.

उशिरा यायची परवानगी नाही मिळाली. बसचं कारण. सध्या नवरा स्कूटरवर सोडतो, सव्वासातला, फिजिओ अर्धाच होतो. ते अजून सुटलेलं नाही. आणि संध्याकाळचा फिजिओ म्हणजे रोजचं महाभारत, फुंकायचं ते यंत्र बघितलं की पलंगाखाली जाऊन बसते. हे कुणी कसं करता?

नेरूळचा_बाबा | ८ जुलै, रात्री ११.१०

पलंगाखालचा काळ आमच्याकडे पाच वर्षं होता.

मुलाला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला मी करतो ना तिच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर, तसंही एकट्याला बोअर होतं. त्याचं फ्लटर फुंकलं की आतली गोळी खडखड वाजते, कोण जास्त वेळ वाजवतं बघू म्हणतोय. भेटवता येणार नाही पण फोनवर सहा फुटांचा प्रश्न नाही. व्यनित (खाजगी निरोपात) नंबर पाठवलाय, उद्या साडेसहाला चालेल का? सातला त्याचा क्लास असतो.

घोडबंदरची_आई | ८ जुलै, रात्री ११.१४

चालेल. ती विचारतेय दादाच्या यंत्राचा रंग कोणता.

नेरूळचा_बाबा | ८ जुलै, रात्री ११.१६

निळा. अजून झोपली नाही का ती?